फुप्फुसे ‘शोषून’ घेत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला श्वसनावरचा लेख वाचनीय होता, पण एक वाक्य खटकले: ‘फुप्फुसे हवेतला सगळा प्राणवायू शोषून घेतात.’ लेखकाला बोल लावत नाही; शिक्षकी पेशातली पहिली काही वर्षे मीही जवळजवळ हेच फळ्यावर लिहीत असे.

‘सगळा’ तर मुळीच नाही. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि सोडलेल्या श्वासात १६ टक्क्यांच्या आसपास उरतोच. श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास देतात, तो या उरलेल्यावरच.

पण माझा खरा आक्षेप ‘शोषून’ या शब्दाला आहे. वायुकोशाची, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या चिमुकल्या पिशवीची, भिंत काहीही ओढत नाही. वायुकोशात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या घरात, तर शरीरभर फिरून आलेल्या रक्तात ४०. जिकडे कमी तिकडे तो आपसूक सरकतो. कार्बन डायऑक्साइड उलट्या वाटेने येतो. त्याला रक्तात ४६ आणि वायुकोशात ४० एवढा जेमतेम फरकही पुरतो, कारण तो पाण्यात प्राणवायूच्या वीसपटीहून जास्त विरघळतो. मधला पडदा साधारण अर्धा मायक्रॉन जाडीचा. पलीकडची केशवाहिनी इतकी चिंचोळी, की तांबड्या पेशी अंग चोरून एकामागून एक जातात. स्वस्थ बसलेल्या माणसात हा प्रवास पाऊण सेकंदाचा, आणि प्राणवायूचे भरणे पहिल्या पाव सेकंदातच उरकते. उरलेला वेळ हाताशी असतो म्हणूनच धावताना रक्ताचा वेग वाढला तरी निभावते.

या चुकीला मोठी परंपरा आहे, हे मात्र सांगायला हवे. डेन्मार्कचे ख्रिश्चन बोर (अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील) फुप्फुसे प्राणवायू जोर लावून रक्तात ढकलतात असेच मानत. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि क्रोग यांची पत्नी मारी यांनी १९१० मध्ये मोजमापे मांडून दाखवले, की नुसते विसरण, म्हणजे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपसूक सरकणे, पुरेसे आहे. गुरूला खोडून काढणे त्यांना किती जड गेले असेल!

‘दीर्घ श्वासाने रक्तातला प्राणवायू भरपूर वाढतो’ हेही तपासून छापायला हवे होते. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वासातच प्राणवायूने ९७-९८ टक्के भरलेले असते. वाढायला जागा कुठे आहे? भराभर खोल श्वास घेतले तर कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरते. ओळीने दहा-बारा फुगे फुगवून झाल्यावर भिंतीचा आधार का घ्यावा लागतो, याचे उत्तर हेच.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक