चाक उघडल्याशिवाय ब्रेक कळत नाही

महोदय,
जुनी पिकअप घेताना लोक इंजिन ऐकतात, टायर बघतात. ब्रेककडे कोणी बघत नाही. नारायणगावहून माळशेज उतरून वाशीला टोमॅटो नेणाऱ्या आम्हा मंडळींना हे दुर्लक्ष फार महागात पडतं. माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक ब्रेक दाबला की करकरायचं. विकणारा म्हणाला, ‘धूळ आहे, जाईल.’ दुसऱ्या एकाने मागच्या ब्रेकचे लायनर (घासपट्ट्या) बदलायला लावले. पैसे गेले, आवाज तिथेच. शेवटी ओतूरच्या मिस्त्रीने चाक काढलं. चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडपैकी बाहेरचा निम्मा शिल्लक, आतला पार पत्र्यापर्यंत! पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून अडकली होती, त्यामुळे एकच पॅड घासत राहिला आणि डिस्कवर नखाला लागतील असे चरे पडले. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं (साधं ग्रीस उष्णतेने वितळतं), डिस्क बदलली, पॅड दोन्ही चाकांचे टाकले. आवाज बंद.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. त्या वेळी निदान पुढचं एक चाक तरी उघडून पॅड बघावेत, एवढीच परिवहन खात्याला विनंती.

— एक शेतकरी, नारायणगाव (ता. जुन्नर)