ठकी उपाशी राहणार नाही, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न.

रविवारी फोनवर बाबा गप्प गप्प वाटले, म्हणून लिहितेय. फोनवर मी भराभर बोलते, तुम्ही दोघं "बरं बरं" म्हणता आणि पुढे करायचं तेच करता.

आधी झालेलं सांगून टाकते. कोंबड्यांचं खाद्य मी मागवलंय. शनिवारी धायरीला 17 किलो लेअर क्रंबल (अंड्यावरच्या कोंबड्यांचं दाणेदार खाद्य), 2 किलो शिंपल्यांचा चुरा आणि खाद्याची दोन टांगती भांडी येतील. पैसे दिलेत, परत पाठवू नका. त्या दिवसापासून भिजवलेली भाकरी, शेंगदाणे आणि (बाबा!) फरसाण बंद. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर दिवाळी उजाडली असती.

बाबा, तुमचं चुकलं असं अजिबात नाही. मी ठकी, कवडी, चिमी, काळी आणि तुरेवाली या पाचजणींना तुमच्या गळ्यात घालून बंगळूरला निघून आले, आणि तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त लाडानं वाढवलंत. फक्त आता त्या भांड्याकडे बघतही नाहीत, तुमच्या हाताकडे बघतात, आणि त्यापायी तुम्ही तुमची कंबर घेऊन दिवसातून तीनदा त्या बुटक्या पाटावर बसता. ते मला नको आहे.

आई म्हणाली, कवडीचं अंडं उचलताना बोटाखाली दबलं. ते तिच्या आवडीनिवडीमुळेच. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि 100 ग्रॅम ज्वारीत जेमतेम 30 मिलिग्रॅम. मग ती ते हाडांतून काढते, आणि तिथलंही आटत आलं की कवच पातळ पडतं. लेअरच्या खाद्यात कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के आणि प्रथिनं 16 ते 18 टक्के असतात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाते, म्हणजे 4 ग्रॅम कॅल्शियम पोटात जातं. त्यातलं निम्मं अंगी लागलं तरी एका कवचाची सोय झाली. भाकरीनं पोट भरलं की हे सगळं भांड्यातच राहतं.

"मागच्या वेळी भरडा आणला होता, त्यांनी तोंड लावलं नाही," असं तू म्हणशील. लावलं होतं, आई. कोंबडीच्या तोंडात चव कळणाऱ्या कलिका अगदी थोड्या. ती निवडते डोळ्यांनी आणि चोचीनं, दाण्याचा आकार बघून, ओळखीचा आहे का ते बघून. भरड्यातले मक्याचे जाड तुकडे तेवढे टिपायचे, डावी-उजवीकडे चोच झटकून बाकीचं उडवायचं, आणि तळाला पीठ सोडून द्यायचं. जीवनसत्त्वं आणि क्षार नेमके त्या पिठात. क्रंबलमध्ये सगळं एकाच दाण्यात दाबलेलं असतं, निवडायला वावच नाही. जुना भरडा उरला असेल आणि त्याला वास नसेल तर पाणी शिंपडून द्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावलं की मोडावा, इतपतच ओला. दोन तासांत संपला नाही तर उचला, आंबतो.

आता अदलाबदल कशी करायची ते. जुनं-नवं मिसळून द्या असं सगळे सांगतात, पण ठकीसारखी त्यातली ज्वारी बरोब्बर वेचते आणि क्रंबल तसंच. म्हणून मिसळायचं नाही, वेळ बदलायची. खुराडं उघडाल तेव्हा समोर फक्त क्रंबल. रात्रभरात गळ्याखालची पिशवी रिकामी झालेली असते, भूक तेव्हा सगळ्यात जास्त. पहिले तीन दिवस ज्वारी दुपारी 2 ला, पुढचे तीन 4 ला, आणि मग कायमची संध्याकाळी, खुराड्यात शिरायच्या अर्धा तास आधी. तीही पाचजणींत मिळून लहान वाटी पाऊण भरून, म्हणजे 50-60 ग्रॅम. खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ द्यायचा नाही. कोथिंबिरीच्या काड्या, पालकाची देठं घाला खुशाल. बुरशी आलेला पाव, कच्चा राजमा, खारवलेलं काहीही नको.

पहिले दोन-तीन दिवस त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन गळा काढतील. बाबा, तुम्ही तेव्हा पेपर घेऊन पुढच्या व्हरांड्यात बसा. मी पडवळाला नाक मुरडलं की आई ताट झाकून ठेवायची, एक शब्द न बोलता, आणि तुम्ही मागच्या दारानं पार्ले-जी द्यायचात. म्हणून मी पडवळ आजतागायत खात नाही. हसू नका, मी तेच म्हणतेय.

उपाशी राहिल्या की काय, ही शंका आली तर सूर्य मावळताना हात लावून बघा. मानेच्या खाली, छातीच्या थोडं उजवीकडे पिशवी लागते. ती भरलेली लागली की कोंबडी जेवलेली आहे, मग तिनं कितीही कांगावा करू दे. सकाळी तीच पिशवी रिकामी हवी. सकाळीही टणक किंवा पाण्यानं भरल्यासारखी लागली, किंवा तोंडाला आंबूस वास आला, तर ते नखरे नव्हेत. तसंच पंख गाळून, डोळे मिटून कोपऱ्यात बसणं, हिरवी विष्ठा, मान वाकडी होणं (मानमोडी रोगात होतं तसं) दिसलं तर तिला लगेच वेगळं करा आणि औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. हळद-गुळावर वेळ घालवू नका. रिक्षा करा, बाबा, स्कूटरवर डालगं धरून जाऊ नका.

चिमीचं मात्र वेगळं आहे. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत ती भांड्याजवळ येते आणि काळी तिच्या डोक्यात टोचते. ती चोखंदळ नाही, तिला बाकीच्या खायलाच देत नाहीत. म्हणून भांडी दोन मागवली. एकमेकांपासून दिसणार नाहीत अशी टांगा, एक पेरूखाली आणि एक टाकीमागे पत्र्याच्या आडोशाला, काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. खाली टांगलं तर उपसतात. एक-तृतीयांशच भरायचं. यात वाकायचं काम नाही, मुद्दाम तसलीच बघितली.

तुरेवाली परत खुडूक बसली तर ती दिवसातून एकदाच उठेल आणि दोन घास खाईल. तिच्यामागे वाटी घेऊन फिरू नका.

पाणी पाचजणींना सव्वा लिटर, उन्हाळ्यात दुप्पट, आणि सावलीत. गरम पाणी त्या पीत नाहीत आणि पाणी कमी झालं की खाणंही कमी होतं. मे महिन्यात भूक मेली होती ती त्यामुळेच.

17 किलो का, 50 चं पोतं स्वस्त पडतं, हे बाबा विचारणारच. पाचजणींना महिन्याला तेवढंच लागतं. पोतं तीन महिने पुरेल, आणि आता पावसाळा. तुमच्या मागच्या खोलीत पापडसुद्धा टिकत नाहीत. दादाच्या लग्नातल्या पत्र्याच्या पिंपात भरा, खाली दोन विटा, भिंतीपासून हातभर लांब. गोळे झाले किंवा कुबट वास आला तर सरळ फेकून द्या. उन्हात घालून वापरायचं नाही, आई. बुरशी वाळते, तिचं विष तसंच राहतं.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, खाद्यात नाही. जिला हवा ती घेते. अंड्याची टरफलं घालायची तर तव्यावर कोरडी भाजून बारीक कुटून, नाहीतर अंडी फोडायची सवय लागते.

दहा दिवस एवढं करा. अकराव्या दिवशी बाबांनी ठकीला हातावर चार दाणे दिले तर मी काही बोलणार नाही. चारच.

तुमची,
मनू

ता. क. आई, फरसाणाचा डबा वरच्या फळीवर ठेव. तो कोंबड्यांसाठी नाही, बाबांच्या बीपीसाठी.