आधी करंगळी तपास

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर तुमच्या हातांच्या दुखण्याचा विषय काढला की दोघंही "वय झालं, चालायचंच" म्हणून मोकळे होता. म्हणून हे पत्र. कागदावर मला कुणी मध्येच तोडणार नाही.

आई, मागच्या खेपेला पहाटे तीनच्या सुमारास तू अंथरुणात उठून बसलेली दिसलीस. उजवा हात खाली सोडून, बोटांवरचं पाणी झटकावं तसा झटकत होतीस. विचारलं तर म्हणालीस, "हातावर झोपले असेन." सकाळी कपाचा कान धरून तो उचलताना दोनदा बोटं सैल पडली, मग तू तो गुपचूप दोन्ही हातांत धरलास. मला दिसलं होतं.

मनगटात तळहाताच्या बाजूने एक अरुंद बोगदा असतो. खाली छोट्या हाडांची कमान, वर चिवट पट्टा. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, आणि त्यांच्याच गर्दीत एक नस. आत जरा सूज आली की चेंगरते ती नस. झोपेत मनगट दुमडलं जातं, दाब आणखी वाढतो, म्हणून हे दुखणं रात्रीच उठवतं. डॉक्टर त्याला कार्पल टनेल म्हणतात. ही नस अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अर्धी अनामिका सांभाळते. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जातच नाही. तेव्हा पुढच्या वेळी मुंग्या आल्या की हात झटकण्याआधी करंगळी तपास. बाकीची बोटं बधिर आणि करंगळी जागी असेल, तर संशय मनगटावरच.

उपाय आहेत गं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायचा, काही आठवडे नेमाने. रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासायचं, कारण त्यांच्यामुळेही असं होतं. एवढ्याने भागलं नाही तर इंजेक्शन किंवा तेवढाच भाग बधिर करून छोटं ऑपरेशन. पण वर्षानुवर्षं अंगावर काढलं तर अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होत जातो, आणि तो पुन्हा भरून येईलच असं नाही. तुझे दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून बघ. मी बघितलेत, म्हणून तर घाई करतेय.

(अचानक एक हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलताना जीभ जड झाली, तर ही मनगटाची गोष्ट नव्हे. तेव्हा हे पत्र बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठायचं.)

बाबा, आता तुम्ही. मिटलेली अनामिका दुसऱ्या हाताने उघडताना "टक्" आवाज काढता आणि नातवाला जादू म्हणून दाखवता. ती जादू नाही, ट्रिगर फिंगर आहे. बोट मिटणारी दोरी ज्या कड्यातून ओवलेली असते, तिथेच ती जाड होऊन अडकते. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं. इंजेक्शनने बऱ्याचदा सुटतं, मात्र त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून डायबेटिस आहे हे आधी सांगा. लपवू नका.

माझा खरा राग आहे तो तुमच्या पडण्यावर. घसरलात, हात टेकलात, मनगट सुजलं. अंगठी साबण लावूनही निघेना, इतकं बोट फुगलं. आणि "बोटं हलताहेत, म्हणजे हाड शाबूत" असं स्वतःच ठरवून चार दिवस क्रेप बँडेज गुंडाळून बसलात! हाड मोडलं तरी बोटं हलतात, बाबा. तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते : हात टेकून पडल्यावर मनगट मोडतं कसं, हे अब्राहम कोलिस नावाच्या आयरिश सर्जनने १८१४ मध्ये लिहून ठेवलं. एक्स-रेचा शोध १८९५ चा. त्याच्याकडे यंत्र नव्हतं, तुमच्याकडे आहे.

शिवाय एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलो असंही नाही. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी मनगटावर खळगा पडतो. तिथे दाबून दुखत असेल तर आतलं एक छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि ती चीर पहिल्या फोटोत कधी कधी दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. या हाडाला रक्तपुरवठा बेताचा. दुर्लक्ष केलं तर ते जुळत नाही, एखादा तुकडा निकामीही होतो. आणि खरंच फ्रॅक्चर निघालं, तर साध्या पडण्याने हाड मोडलं कसं, म्हणून हाडांची घनताही तपासून घेऊ.

मी काही फार शहाणी नाही. गादीखाली चादर खोचताना माझ्या मधल्या बोटाचं टोक लोंबलं होतं, आठवतं? सहा आठवडे बोट सरळ ठेवायला सांगितलं होतं. पाचव्या आठवड्यात साबणाने धुवायला पट्टी काढली, बोट जरासं वाकलं, आणि मोजणी पुन्हा एकपासून. डॉक्टर ओरडले नाहीत, नुसते कॅलेंडरकडे बघत राहिले.

मंगळवारी सकाळी दोघांचीही वेळ घेतली आहे. आदल्या रात्री मी येते. बाबा, अंगठी निघाली असेल तर सूज असेपर्यंत ती पुन्हा बोटात घालायचा प्रयत्न करू नका. आई, करंगळीचं काय निघालं ते कळव. पहाटे तीनला फोन केलास तरी चालेल.

तुमची,
लेक