तुझ्या गोळ्या घेतल्या नाहीत, कारण

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. घेतल्या नाहीत. रागावू नकोस. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात हे तू वाचलंस ते खरंच आहे. पण माझा आजार सार्कॉइडोसिस, त्यानेच उजव्या डोळ्याची नस सुजली. त्यात अंगात जागोजागी ज्या बारीक गाठी होतात, त्या स्वतःच डी जीवनसत्त्व क्रियाशील करतात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. वरून गोळ्यांची भर पडली की मुतखड्याची भीती. आधी रक्त तपासू, मग डॉक्टर सांगतील तसं.

आणि ‘टीबीच असणार’ हे तुझं पालुपद आता पुरे. छातीच्या सीटीवर दोन्ही आजार सारखे दिसू शकतात, आपल्याकडे टीबी आधी मनात येणारच. म्हणून तर दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढला. टीबीच्या गाठीचा मधला भाग बहुधा सडून पनीरसारखा झालेला असतो. माझ्यात तसं नव्हतं, जंतूही सापडले नाहीत. नुसत्या संशयावर टीबीची औषधं घेतली असती, तर त्यातलं इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेलाच इजा करू शकतं. आधीच सुजलेल्या नसेवर ते कोण घेणार?

नजरेचं विचारतोस. डाव्या डोळ्याला कुंकू लालभडक, उजव्याला अजून विटकरी. चष्म्याचा नंबर तोच, म्हणून दुकानात काही कळलं नव्हतं. डॉक्टरांनी बॅटरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली, तेव्हा उजवी बाहुली उजेडात आकसायच्या ऐवजी मोठी झाली. दोष नसेत आहे हे तिथेच कळलं. त्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात म्हणे. सुजलेले सावरतात, मेलेले परत येत नाहीत. सलाइनमधून स्टेरॉइड दिल्यावर पेपरचे मथळे त्या डोळ्याने दिसू लागले, बारीक टाइप नाही.

स्टेरॉइडने चेहरा सुजलाय, साखर वाढलीय, बाबा गुळाचा खडासुद्धा मिळू देत नाहीत. तरी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, एकदम सोडायचं नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड पुन्हा बनवू लागेपर्यंत हळूहळूच उतरवायचं. आजारावरचं दुसरं औषध मेथोट्रेक्सेट, ते आठवड्यातून एकदाच, रविवारी. ते चुकून रोज घेणं जिवावर बेतू शकतं, म्हणून ती पट्टी बाबांच्या कपाटात.

दिवाळीला येशील तेव्हा एमआरआयची सीडी पेनड्राइव्हवर घालून दे. पुण्याचे डॉक्टर मागताहेत, आणि आपल्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही.

तुझी,
आई