‘बदल केले’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प तपासताना चालता प्रोग्रॅम, छापील अहवाल आणि सादरीकरण पाहिले जाते. पण तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून तो कोड कसा घडवला याचा जो इतिहास ‘गिट’ या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत साठलेला असतो, तो सहसा कोणी उघडत नाही. उघडलाच, तर ‘बदल केले’, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘आता चालतंय’ अशा ओळींची रांग दिसते. हीच सवय घेऊन मुले नोकरीला लागतात, आणि एकाने सोडलेले काम दुसऱ्याला लगेच उचलावे लागते अशा कोल्हापुरातील लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत तिचा त्रास फार होतो.

कोणती ओळ कोणी आणि केव्हा बदलली, हे गिट स्वतःच दाखवते. ती का बदलली, हे मात्र माणसानेच लिहावे लागते आणि कमिट मेसेज, म्हणजे बदलाच्या प्रत्येक नोंदीला (कमिटला) जोडलेली टिप्पणी, असतो तो त्यासाठीच. समजा, दूध संस्थेच्या प्रणालीत दराच्या हिशेबाची एक ओळ बदलली. ‘दराची चूक दुरुस्त’ या मेसेजवरून काहीच कळत नाही. त्याऐवजी पहिल्या ओळीत ‘दर काढताना फॅटचा दशांश कायम ठेवला’ असे लिहावे आणि खाली सांगावे, की ३.५ फॅटचे दूध ३ च्या रकान्यात जाऊन उत्पादकाला कमी दर लागत होता आणि या दुरुस्तीने आधीची बिले बदलत नाहीत. पुढे एखाद्या जुन्या बिलाची तक्रार आली, तर हे शेवटचे अर्धे वाक्यच कामी येईल. सहकारी संस्थेच्या कीर्दीत रक्कम मांडून तपशील कोरा ठेवलेला लेखापरीक्षकाला चालेल काय?

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट तयार केले ते लिनक्स या संगणक कार्यप्रणालीच्या कामासाठी, म्हणजे एकमेकांना क्वचितच भेटणाऱ्या माणसांसाठी. तेथे बदल पाठवणाऱ्याने मूळ अडचण काय होती हे शब्दांत मांडावे, अशी अपेक्षा असते. पहिली ओळ सुमारे ५० अक्षरांची आणि त्यानंतर एक ओळ कोरी, या संकेतालाही कारण आहे: कमिटांच्या संक्षिप्त यादीत केवळ ही पहिली ओळ, म्हणजे शीर्षक, दिसते आणि ते कोठे संपले हे गिट त्या कोऱ्या ओळीवरून ओळखते.

एका कमिटमध्ये एकच विषय असावा, हेही याच्याशीच जोडलेले आहे. इतिहास दरवेळी निम्मा करत शोधणाऱ्या ‘बायसेक्ट’ या गिटच्या सोयीने हजारभर कमिटांतून दोष शिरलेला कमिट साधारण दहा चाचण्यांत सापडतो. पण त्यात पाच असंबद्ध बदल कोंबलेले असतील, तर शोध तेथून पुन्हा सुरू होतो. नुसता तक्रार क्रमांक लिहून मोकळे होणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की तक्रारींची प्रणाली कंपनी केव्हाही बदलू शकते. मेसेज मात्र कोडच्या इतिहासाबरोबरच राहतो.

इंग्रजी अडत असेल आणि टीमची हरकत नसेल, तर मेसेज खुशाल मराठीत लिहावा. गिटला देवनागरीचे वावडे नाही, आणि मोडक्या इंग्रजीतील दोन शब्दांपेक्षा मराठीतील दोन पूर्ण वाक्ये केव्हाही उपयोगी.

कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांना विनंती, की प्रकल्पाच्या १०० गुणांपैकी निदान ५ गुण या इतिहासासाठी ठेवावेत. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एखादा जुना कमिट उघडावा आणि तो बदल का करावा लागला, हे तो ज्याने केलेला नाही अशा विद्यार्थ्याला केवळ मेसेज वाचून सांगायला लावावे.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, राजारामपुरी, कोल्हापूर