सॉफ्टवेअरला पीक दिसत नाही, चढ दिसतो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि सोबतचे तिन्ही क्रोमॅटोग्राम, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे होऊन बाहेर पडताना यंत्राने काढलेले आलेख, टेबलावर शेजारी-शेजारी मांडून पाहिले. एकाच व्हायलमधून (नमुन्याच्या छोट्या बाटलीतून) तीन इंजेक्शनं, तरी पीकचे, म्हणजे घटकाच्या आलेखातल्या उंचवट्याचे, एरिया (क्षेत्रफळं) तीन प्रकारचे, म्हणून तू पंपावर खार खाऊन बसला आहेस. पंपाला सोड बिचाऱ्याला. रिटेन्शन टाइम (घटक बाहेर पडायला लागणारा वेळ) जागच्या जागी आहे, पीकची उंचीही जवळपास तीच. आता बेसलाइन, म्हणजे पीक नसतानाची पायाची रेषा, इतकी मोठी कर की पीकचं टोक पडद्याबाहेर जाईल, फक्त पायथा दिसला पाहिजे. पहिल्या रनमध्ये पीक जिथे खरंच उठतो तिथून सॉफ्टवेअरने एरिया मोजायला पायथ्याशी ओढलेली रेघ सुरू झाली आहे. दुसऱ्यात ती आधीच्या एका बारीकशा थरथरीला चिकटली. तिसऱ्यात टेलिंग (पीकची मागे लांबणारी शेपटी) निम्मंच धरून रेघ वर तुटली. एरिया तिथेच बदलला.

सॉफ्टवेअरला पीक दिसत नाही, त्याला चढ दिसतो. सलग काही बिंदूंचा चढ ठरवलेल्या थ्रेशोल्डच्या (मर्यादेच्या) वर गेला की ते म्हणतं, पीक सुरू झाला. चढ शून्यावर येऊन उलटला की माथा. उतार पुन्हा थ्रेशोल्डच्या आत आला की संपला. त्यामुळे थ्रेशोल्ड फार कमी ठेवलास तर ते नॉइजलाही (बेसलाइनच्या थरथरीलाही) पीक म्हणेल. फार वाढवलास तर पीक उशिरा सुरू होईल, लवकर संपेल आणि एरिया दोन्ही बाजूंनी कुरतडला जाईल.

पण तू सुरुवात थ्रेशोल्डपासून केलीस, तिथेच गाडी घसरली. आधी पीक विड्थ. तुला हव्या असलेल्यांपैकी सगळ्यात अरुंद पीक घे, त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी मोज आणि ती भर. याच आकड्यावरून सॉफ्टवेअर ठरवतं की किती बिंदू एकत्र करून चढ मोजायचा. आकडा फार लहान असेल तर प्रत्येक थरथर मोजली जाते, फार मोठा असेल तर शेजारचे दोन पीक एकच होऊन बसतात. त्याआधी डेटा रेटही बघ, म्हणजे सेकंदाला किती बिंदू नोंदले जातात ते. पीकवर पायथ्यापासून पायथ्यापर्यंत वीसेक बिंदू तरी हवेत. पायथा १२ सेकंदांचा असेल तर सेकंदाला २ बिंदू घेतले की २४ मिळतात, पण ३ सेकंदांच्या पीकला त्याच दराने फक्त ६ मिळतील. एवढ्यात माथा कुठे आहे हेही नीट कळत नाही.

थ्रेशोल्ड ब्लँकवर, म्हणजे घटक नसलेल्या नुसत्या द्रावकाच्या रनवर, लाव. ब्लँकच्या रनमध्ये तुझ्या पीकच्या जागेवर काहीच पकडलं जाऊ नये, इतपतच तो वाढव. सुरुवातीच्या व्हॉइडच्या (कुठेही न अडकता बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या) उलथापालथीसाठी मात्र थ्रेशोल्ड वाढवू नकोस, तेवढ्या वेळापुरतं इंटिग्रेशन (एरिया मोजणं) बंद ठेव. एरिया रिजेक्ट (यापेक्षा लहान एरियाचे पीक वगळायची मर्यादा) सगळ्यात शेवटी. मी एकदा कचरा नको म्हणून तो सढळ हाताने वाढवला आणि रिपोर्ट कसा स्वच्छ आला म्हणून खूश झालो. दोन दिवसांनी कळलं, त्या कचऱ्याबरोबर एक खरी इम्प्युरिटीही (अशुद्धीही) गेली होती. अजून आठवलं की कान गरम होतात.

आता तुझं जोडपं, म्हणजे एकमेकांना चिकटलेले ते दोन पीक. ड्रॉप लाइन म्हणजे दोघांमधल्या खोलगटातून खाली सोडलेली उभी रेघ, दोन पिकांमधला बांध (शेतातलं पीकही पीकच!). दोघं साधारण सारख्या उंचीचे आणि सममित असतील तर बांध चालतो. रिझोल्यूशन (दोन पीक किती सुटे आहेत याचं माप) १.० असलं तरी प्रत्येकाचा सुमारे २.३ टक्के भाग शेजाऱ्याकडे जातो आणि तेवढाच परत येतो. १.५ ला तर काळजीच नाही. पण तुझा दुसरा पीक पहिल्याच्या शेपटीवर बसलेला आहे, आणि छोटा आहे. तिथे उभी रेघ मारलीस की मोठ्याची शेपटी छोट्याच्या खात्यात जमा होते आणि इम्प्युरिटी फुगते. टँजंट स्किम (छोटा पीक सरळ रेघेने शेपटीवरून छाटणं) लावलास तर सरळ रेघ शेपटीच्या वक्राच्या वरून जाते, म्हणून छोटा थोडा कमी भरतो. एक्स्पोनेन्शियल स्किम (तीच छाटणी वक्र रेघेने) असेल तर तो वक्राच्या जवळ राहतो. यातलं काहीही निवड, पण स्टँडर्डला (प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याला) एक आणि सॅम्पलला दुसरं असं करू नकोस.

आणि माउसने हाताने रेघ ओढायचा मोह आवर. ऑडिट ट्रेलमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीत) प्रत्येक ओढ दिसते, आणि ‘का ओढली’ याचं उत्तर ‘नीट दिसत नव्हती’ असं देऊन भागत नाही. खरं सांगायचं तर त्या जोडप्याला वेगळं करायची जागा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) आणि मोबाइल फेजमध्ये (तिच्यातून वाहणाऱ्या द्रवात) आहे. ग्रेडियंट (त्या द्रवाच्या मिश्रणात होत जाणारा बदल) थोडा सावकाश करून बघ. तिथे ते सुटले तर स्किमचा प्रश्नच राहत नाही.

पुढच्या पत्रात ब्लँकचा रन पाठव, पायथा मोठा करून. आणि पीक विड्थला किती भरलं होतंस तेही लिही, मला एक शंका आहे.

तुझाच,
मित्र