उत्तरपत्रिका तपासल्या, आता वॉर्डात येऊन बघा

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी नर्सिंगची नवी तुकडी वॉर्डात रुजू होते आणि थोड्याफार फरकाने तेच घडतं. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, ड्रिपची नळी (सेट) मिलीलिटरला 20 थेंबांची, तर मिनिटाला थेंब किती? मुलगी पटकन सांगते, 42. बरोबर. तेवढ्यात पेशंट कूस बदलतो, कोपर दुमडतं, ड्रिप थांबते. ती थेंब पडतात त्या चेंबरकडे बघत राहते. हाताकडे नजर जायला वेळ लागतो. सुईची जागा सुजली आहे का, नळीला पीळ पडलाय का, हे तिने पाच गुणांसाठी लिहिलेलं असतं, बोटांनी चाचपलेलं नसतं.

दोष वर्गाला देत नाही. पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत ढकलायचं नाही, हे वर्गातच पक्कं व्हायला हवं. चुका करून शिकायची ती गोष्ट नव्हे. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे. वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात करणं. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. प्रात्यक्षिक तिसरीपर्यंत पोचतं, तेही बहुधा पुतळ्यावर, आणि पुतळा कण्हत नाही. चौथी पायरी आमच्या वॉर्डात असते. तिथे परीक्षक फिरकत नाहीत.

युरोपीय संघाच्या नियमात नर्सिंगच्या किमान 4600 तासांपैकी निम्मे तरी रुग्णांजवळचे लागतात. पण नुसत्या तासांनी भागत नाही. लॉगबुकात वीस इंजेक्शनांवर सही असते. त्यातली किती दिली आणि किती लांबून पाहिली, हे सही करणाऱ्यालाही आठवत नसतं. (मीही अशा सह्या केल्या आहेत. ड्यूटी सुटताना रांगच लागते.)

म्हणून एक मागणं. रुजू होऊन सहा महिने झाले की प्रत्येक नव्या नर्सबद्दल तिच्या इंचार्ज सिस्टरला विचारा. पाळी संपताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला (हँडओव्हर) नीट देते का? पेशंट खालावतोय हे मॉनिटर वाजायच्या आधी ओळखते का? रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायला कचरते का? ही उत्तरं कॉलेजवार जमा करा आणि निकालाच्या शेजारी ठेवा. कुठल्या कॉलेजचं काय राहतंय, ते आपोआप दिसेल.

प्रश्नांचा मसुदा आम्ही चारजणी बसून करून देऊ. रात्रपाळी सुटल्यावर आलो तर चालेल का, तेवढं कळवा.

आपली,
एक इंचार्ज सिस्टर